युरोपचा खरेदीदार नवं लेबल मागतो तेव्हा छोट्या केमिकल युनिटने कुठून सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला. अंबरनाथ एमआयडीसीत टेक्स्टाइल ऑक्झिलरीजचं, म्हणजे कापडावरच्या प्रक्रियेत लागणाऱ्या रसायनांचं, छोटं युनिट आहे. वेटिंग एजंट (कापड पटकन भिजवणारं रसायन), सिलिकॉन सॉफ्टनर (कापड मऊ करणारं) आणि पिगमेंट प्रिंटिंगचा बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा) हा माल पोर्तुगालच्या एका आयातदाराला जातो. त्याचा मेल आलाय की सीएलपी या युरोपच्या रसायन-लेबल कायद्यातल्या नव्या धोका-वर्गांप्रमाणे एसडीएस (मालाचं सुरक्षा माहितीपत्रक) आणि लेबल सुधारून पाठवा, तोवर पुढची ऑर्डर थांबवतो. इकडे एका सल्लागाराने तुमच्या चाळीसही उत्पादनांचे एसडीएस नव्याने करण्याचं कोटेशन दिलंय. एवढं सगळं लागतं का, आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा हाच खर्च का, असं तुम्ही विचारताय.

चाळीसच्या चाळीस आत्ता लागणार नाहीत, हे जवळजवळ नक्की सांगतो. पुन्हा पुन्हा बदल होतील, हेही तितकंच नक्की. पण कायदा वाचणारा माणूस शोधण्याआधी एक काम करा: तुमच्या प्रत्येक ड्रममध्ये कॅस नंबरच्या (प्रत्येक रसायनाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या) पातळीवर काय आणि किती आहे, ते लिहून काढा. छोट्या युनिट्समध्ये घोळ होतो तो नव्वद टक्के वेळा इथेच. नियम इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. तुमच्या थिकनरमध्ये (घट्टपणा आणणाऱ्या घटकात) पुरवठादाराने कोणतं प्रिझर्वेटिव्ह घातलंय, हे कुठेच छापलेलं नसतं.

आधी जबाबदारी कोणाची ते पाहू, कारण यावरून बरीच गैरसमजूत असते. सीएलपी म्हणजे युरोपीय संघाचं १२७२/२००८ क्रमांकाचं रेग्युलेशन. ते २० जानेवारी २००९ला अमलात आलं, शुद्ध पदार्थांना १ डिसेंबर २०१० पासून आणि मिश्रणांना १ जून २०१५ पासून पूर्णपणे लागू झालं. वर्गीकरण, लेबल आणि पॅकिंग बरोबर असण्याची कायदेशीर जबाबदारी युरोपात माल आणणाऱ्या आयातदारावर असते. लेबलवर नाव, पत्ता आणि फोन युरोपातल्या पुरवठादाराचा लागतो, तुमचा नव्हे. पोर्तुगालचा निरीक्षक तुमच्या गेटवर कधी येणार नाही. पण आयातदार माल ओळखतो तो तुमच्या कागदांवरून. कागद चुकला की दंड त्याला आणि डेबिट नोट तुम्हाला. तेव्हा ‘ही त्याची जबाबदारी आहे’ असं उत्तर कायद्यात बरोबर असलं तरी धंद्यात चालत नाही.

हे सगळे नियम रसायनांचं वर्गीकरण आणि लेबल यांच्यासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस या चौकटीतून येतात. ती २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली आणि दर दोन वर्षांनी सुधारली जाते. मात्र कोणता भाग घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवण्याची मोकळीक प्रत्येक देशाला आहे. ६० ते ९३ अंश सेल्सिअस फ्लॅश पॉइंटचं (म्हणजे त्या तापमानाला ज्याची वाफ पेट घेऊ शकते असं) द्रव जीएचएसमध्ये ज्वलनशीलतेच्या चौथ्या श्रेणीत बसतं. अमेरिकेने ती श्रेणी घेतली, युरोपने घेतली नाही. म्हणून एकाच ड्रमला दोन बाजारांत दोन लेबलं लागतात आणि दोन्ही बरोबर असतात. ‘जीएचएसप्रमाणे लेबल’ असं मोघम काही नसतं. ऑर्डर उघडताना देश विचारायचा. ब्रिटनचंही तसंच. ब्रेक्झिटनंतर तिथे स्वतःचं जीबी सीएलपी आहे, युरोपचे नवे धोका-वर्ग त्यात नाहीत, आणि उत्तर आयर्लंडमध्ये मात्र युरोपचंच सीएलपी चालतं. लंडनचा ग्राहक आला तर पोर्तुगालचं लेबल नुसतं इंग्रजीत करून पाठवू नका.

आता तुमच्या बाइंडरकडे येऊ. खरी गंमत तिथे आहे.

पाण्यावर आधारलेलं कुठलंही इमल्शन सडू नये म्हणून त्यात प्रिझर्वेटिव्ह घालतात. त्यातलं एक सर्रास वापरलं जाणारं म्हणजे मिथाइलआयसोथायाझोलिनोन, बोलीत एमआयटी. युरोपने त्याचं वर्गीकरण सीएलपीच्या तेराव्या तांत्रिक दुरुस्तीत पक्कं केलं आणि १ मे २०२० पासून त्याला ०.००१५ टक्के, म्हणजे १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग), ही मर्यादा लागली. मिश्रणात १५ पीपीएम किंवा जास्त एमआयटी असेल तर ते मिश्रण त्वचेला ॲलर्जी आणणारं ठरतं. लेबलवर एच ३१७ (त्वचेच्या ॲलर्जीचं ठरलेलं धोका-विधान), उद्गारचिन्हाचं लाल चौकटीतलं चित्र आणि ‘वॉर्निंग’ हा शब्द येतो. एखाद्या पदार्थाची मर्यादा इतकी खाली असली की तिच्या एक दशांशापासूनही सूचना द्यावी लागते: १.५ पीपीएम ओलांडलं की ईयूएच २०८, म्हणजे ‘यात अमुक पदार्थ आहे, ॲलर्जी होऊ शकते’.

समजा तुमच्या बाइंडरमध्ये ८० टक्के विकत घेतलेलं ॲक्रिलिक इमल्शन आहे आणि त्यात १२ पीपीएम एमआयटी आहे. पुरवठादाराच्या दृष्टीने त्याचा माल वर्गीकरणात बसत नाही, त्यामुळे भारतात दिलेल्या एसडीएसमध्ये त्याने एमआयटीचा उल्लेखही केलेला नसतो. तिथून ९.६ पीपीएम आलं. पाच टक्के थिकनर आहे, त्यात ८० पीपीएम, म्हणजे तुमच्या ड्रममध्ये ४. शेवटी तुमच्या प्रॉडक्शनवाल्याने टाकीत ‘सेफ्टीसाठी थोडं’ प्रिझर्वेटिव्ह ओतलं, त्याचे ३. बेरीज १६.६. तुम्ही कागदावर ‘वर्गीकृत नाही’ लिहिलेलं उत्पादन प्रत्यक्षात एच ३१७ आहे. वेगवेगळ्या ॲलर्जीकारक पदार्थांची एकमेकांत बेरीज करायची नसते, हे खरं. पण तोच पदार्थ तीन वाटांनी आला तर त्याची बेरीज करावीच लागते, आणि ही बेरीज कोणाच्याही एसडीएसमध्ये केलेली नसते. ती तुमच्याच फॉर्म्युला शीटवर होते.

आता याची पुढची साखळी पाहा. आरोग्यासाठी धोकादायक म्हणून मिश्रण वर्गीकृत झालं की एसडीएस मागितल्याशिवाय द्यावा लागतो. आयातदाराला विषबाधा केंद्रांसाठीची नोंदणी करावी लागते आणि लेबलवर यूएफआय हा मिश्रण ओळखण्याचा सोळा अक्षरांचा कोड येतो. ही नोंदणी घरगुती आणि व्यावसायिक वापराच्या मिश्रणांना २०२१ पासून आणि फक्त औद्योगिक वापराच्या मिश्रणांना १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. जुन्या नोंदींना दिलेली सवलतही १ जानेवारी २०२५ला संपली. केवळ पर्यावरणाच्या धोक्यासाठी वर्गीकृत असलेल्या मिश्रणाला यूएफआय लागत नाही, आरोग्याच्या धोक्याला लागतो. म्हणजे दीड पीपीएमच्या फरकाने तुमचं उत्पादन एका कागदाच्या दुनियेतून दुसऱ्या दुनियेत जातं.

एमआयटीवर बंधन आल्यावर अनेकांनी बीआयटी नावाच्या भावंडाकडे मोर्चा वळवला. त्याची मर्यादा तेव्हा ०.०५ टक्के, म्हणजे ५०० पीपीएम होती, आणि लोक ४०० ते ४५० पीपीएमवर आरामात बसले. एकविसाव्या तांत्रिक दुरुस्तीने ती मर्यादा ०.०३६ टक्क्यांवर, म्हणजे ३६० पीपीएमवर आणली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ती लागू झाली. ४०० पीपीएमवाला एका रात्रीत एच ३१७मध्ये गेला, असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात ही बातमी त्याच्यासमोर काही वर्षं पडून होती. ती कशी, ते पुढे सांगतो.

सिलिकॉन सॉफ्टनर. तुमच्या आयातदाराच्या मेलचा खरा रोख बहुधा याच उत्पादनावर आहे. २०२३/७०७ या रेग्युलेशनने सीएलपीमध्ये नवे धोका-वर्ग आणले: माणसाच्या आणि पर्यावरणातल्या जिवांच्या हार्मोन्समध्ये बिघाड करणारे पदार्थ, पर्यावरणात टिकून सजीवांत साचणारे आणि विषारी असणारे, अतिशय टिकणारे व अतिशय साचणारे, आणि टिकून पाण्याबरोबर दूरवर पसरणारे. या वर्गांना चित्र नाही. शब्द आणि ईयूएच ४४० किंवा ईयूएच ४४१ यांसारखी विधानं आहेत. हे वर्ग युरोपने स्वतः आणले, संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएसमध्ये ते नाहीत. त्यामुळे तुमच्या भारतीय एसडीएस सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप येतील अशी आशा धरू नका.

तारखा अशा. नव्याने बाजारात येणाऱ्या शुद्ध पदार्थांना १ मे २०२५ पासून, आधीपासून बाजारात असलेल्यांना १ नोव्हेंबर २०२६ पर्यंत. मिश्रणांना १ मे २०२६ पासून, आणि त्याआधी बाजारात आलेल्या मिश्रणांना १ मे २०२८ पर्यंत. या शेवटच्या सवलतीचा अर्थ अनेक निर्यातदार असा लावतात की आपलं उत्पादन दहा वर्षं जातंय, म्हणजे २०२८ पर्यंत निवांत. मी तसं धरून चालू नका म्हणेन. युरोपच्या कायद्यात ‘बाजारात आणणं’ हे उत्पादनाच्या नावावरून मोजत नाहीत, प्रत्यक्ष मालावरून मोजतात. मे २०२६ नंतर लिस्बनच्या गोदामात उतरणारा ताजा ड्रम हा ताजा माल. सवलत आहे ती त्यांच्या रॅकवर आधीपासून असलेल्या मालासाठी. तुमचा आयातदार घाई करतोय त्याचं कारण हेच असावं.

सॉफ्टनरचं पुढे असं आहे. अमिनो सिलिकॉन तेल बनवताना डी४, डी५, डी६ ही वलयाकार सिलॉक्सेन्स थोडी उरतातच, कारण ती अभिक्रिया समतोलावर थांबते. उष्णता आणि व्हॅक्युम देऊन ती काढतात. किती काढली, यावर तेलाचा दर ठरतो. युरोपच्या रसायन संस्थेने, म्हणजे हेलसिंकीच्या ईसीएचएने, ही तिन्ही जून २०१८ मध्ये अति-चिंतेच्या पदार्थांच्या यादीत टाकली, आणि कारण हेच: टिकणारी आणि साचणारी. मिश्रणात त्यांची मर्यादा ०.१ टक्का. तुमच्या तेलात ०.४ टक्के डी४ असेल आणि सॉफ्टनरमध्ये तेल २० टक्के, तर ०.०८, या नव्या वर्गातून तुम्ही वाचलात. तेच तेल ३० टक्क्यांच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये गेलं तर ०.१२, आणि लेबलवर ‘डेंजर’ आला. म्हणजे एकाच तेलाचं तुमचं पातळ उत्पादन सुटतं आणि घट्ट उत्पादन अडकतं. डी५ आणि डी६ वेगवेगळे तपासायचे. पुरवठादाराकडून बॅचनिहाय जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी चाचणीचा) रिपोर्ट मागा, ‘लो सायक्लिक’ असं छापलेलं ब्रोशर पुरावा म्हणून चालत नाही. शिवाय या तिन्हींवर युरोपात वेगळा निर्बंधही आहे. वर्गीकरण सांगतं लेबलवर काय लिहायचं, निर्बंध सांगतो की माल विकता येतो का. औद्योगिक वापराच्या कोणत्या सवलतीत तुमचा माल बसतो, हे आयातदाराकडून लेखी घ्या.

वेटिंग एजंटबद्दल एकच प्रश्न: त्यात नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट आहे का? असेल तर लेबलची चर्चा करण्यातच अर्थ नाही. धुता येणाऱ्या कापडी मालात ०.०१ टक्क्याची मर्यादा युरोपने ३ फेब्रुवारी २०२१ पासून लावली आहे, तुमचा ग्राहक ते घेणारच नाही. नसेल, फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेट असेल, तर नव्या धोका-वर्गांचा फारसा प्रश्न येत नाही. डोळ्यांचं आणि जलचरांचं जुनं वर्गीकरण तेवढं तपासा.

आता बातमी आधी कशी कळते ते. युरोपात एखाद्या पदार्थाचं वर्गीकरण बदलायचं म्हटलं की आधी कोणीतरी सदस्य देश किंवा कंपनी आपला इरादा ईसीएचएच्या सार्वजनिक यादीत नोंदवते. मग प्रस्ताव येतो, त्यावर ६० दिवस कोणालाही मत मांडता येतं. धोका-मूल्यांकन समिती १८ महिन्यांच्या आत आपलं मत देते. ते आयोगाकडे जातं, तांत्रिक दुरुस्ती म्हणून प्रसिद्ध होतं, आणि मग बहुधा दीड वर्षाची मुदत मिळते. एवढी सगळी वाट चालायला अनेक वर्षं जातात. तुमच्याकडे कॅस नंबरांची यादी असेल, तर तीन महिन्यांतून एकदा ती या सार्वजनिक यादीशी ताडून पाहायची. चाळीस उत्पादनांत मिळून साठ-सत्तर कॅस नंबरच्या वर जात नाही. एका दुपारचं काम आहे. यादी नसेल, तर मात्र तुम्हाला प्रत्येक बदल आयातदाराच्या रागावलेल्या मेलमधूनच कळणार.

बदल उलटाही फिरतो, हे लक्षात ठेवा. टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक पावडरला श्वासावाटे कर्करोगाचा संशयित म्हणून १ ऑक्टोबर २०२१ पासून वर्गीकरण लागू झालं. पेंटवाल्यांनी डबे नव्याने छापले, द्रव रंगांवर ईयूएच २११ आलं. २३ नोव्हेंबर २०२२ला युरोपच्या जनरल कोर्टाने ते वर्गीकरण रद्द ठरवलं. त्यावर अपील झालं, तोवर लेबलं तशीच ठेवावी लागली, आणि १ ऑगस्ट २०२५ला वरच्या न्यायालयाने अपील फेटाळलं. यातून मी माझ्या ग्राहकांना सांगतो ते इतकंच: लेबलं दोन वर्षांची एकदम छापू नका. कोरे रोल ठेवा, ऑर्डरप्रमाणे छापा. छापील डबा स्वस्त पडतो असं परचेसवाला सांगेल; भंगारात गेलेल्या डब्यांचा हिशेब त्याच्या वहीत नसतो.

मुदतीही सरकतात. सीएलपीची मोठी दुरुस्ती, २०२४/२८६५, १० डिसेंबर २०२४ला अमलात आली. अक्षरांचा किमान आकार, ओळींमधलं अंतर, ऑनलाइन विक्रीतल्या सूचना, आणि धोका वाढला तर सहा महिन्यांत लेबल बदलण्याची सक्ती, असं बरंच तिच्यात होतं. नंतर या छपाई-मुदतींचा मोठा भाग १ जानेवारी २०२८ पर्यंत पुढे ढकलला गेला. नवे धोका-वर्ग मात्र त्यात ढकलले गेले नाहीत. ‘सगळंच पुढे गेलंय हो’ असं कोणी चहाच्या टपरीवर सांगितलं तर हा फरक विचारा.

रजिस्टर कसं असावं? मला एक्सेलच पुरतं. प्रत्येक कच्च्या मालाला एक पान: घटक, कॅस नंबर, टक्केवारी, अशुद्धी, प्रिझर्वेटिव्ह पीपीएममध्ये, पुरवठादाराच्या एसडीएसची तारीख. प्रत्येक उत्पादनाच्या पानावर त्या सगळ्याची बेरीज. सीएलपीच्या सहाव्या परिशिष्टातलं पक्कं वर्गीकरण प्रत्येक कॅससमोर लिहायचं, पण तिथे थांबायचं नाही. ते परिशिष्ट त्या पदार्थाच्या काही धोक्यांपुरतंच बोलतं. उरलेले धोके उपलब्ध माहितीवरून स्वतः ठरवावे लागतात. नोंदीत तारांकित असलेली जुनी श्रेणी ही किमान श्रेणी असते, चांगली माहिती कडक निकाल देत असेल तर कडक घ्यायची. ईसीएचएच्या यादीत एकाच पदार्थाची पाच-सहा कंपन्यांनी वेगवेगळी वर्गीकरणं दिलेली दिसतील. सर्वात सौम्य निवडणं गैर, आणि घाबरून सर्वात कडक निवडणंही शहाणपणाचं नाही, कारण ग्राहक मग तुमच्या मालाऐवजी शेजाऱ्याचा घेतो. रीच या युरोपच्या रसायन-नोंदणी कायद्याखालच्या दप्तरात चाचण्या जोडलेली जी नोंद असेल, ती धरा आणि का धरली ते दोन ओळींत लिहून ठेवा.

पुरवठादार बोलत नाहीत ही तक्रार सगळ्यांची आहे. ‘पूर्ण कॉम्पोझिशन द्या’ म्हटलं की ट्रेड सीक्रेटचं पत्र येतं. तसं विचारूच नका. ‘एमआयटी १.५ पीपीएमपेक्षा जास्त आहे का, बीआयटी ३६ पीपीएमपेक्षा जास्त आहे का, डी४ ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आहे का’ असे हो-नाहीचे प्रश्न लेटरहेडवर पाठवा. सही करायला माणूस तयार होतो, कारण फॉर्म्युला उघड होत नाही. जो तरीही गप्प बसतो, त्याच्या मालाचा नमुना बाहेरच्या लॅबला द्या: आयसोथायाझोलिनोन्स (एमआयटी, बीआयटी) एचपीएलसी चाचणीवर, सायक्लिक सिलॉक्सेन्स (डी४, डी५, डी६) जीसीवर कळतात. पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ कायमची घाला, की कॉम्पोझिशन किंवा प्रिझर्वेटिव्ह बदललं तर आधी कळवायचं. ही ओळ कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाला येते.

आणि आतलं दार बंद करा. परचेसने पर्यायी व्हेंडरचा माल घेतला, लॅबने डिफोमर (फेस मारणारा घटक) बदलला, प्रॉडक्शनने पावसाळ्यात प्रिझर्वेटिव्हचा डोस वाढवला: या तिन्ही गोष्टी वर्गीकरण बदलू शकतात आणि तिन्ही एसडीएसवाल्याच्या कानावर जात नाहीत. पावसाळ्यातला डोस हा तर मी जवळपास प्रत्येक युनिटमध्ये पाहिलाय. हे काम क्यूसीच्या एका केमिस्टकडे द्या, त्याच्या सहीशिवाय फॉर्म्युला शीट बदलणार नाही असं ठरवा. मालकाने स्वतःकडे ठेवू नये, कारण मालक डिस्पॅचच्या दिवशी नेहमी घाईत असतो.

लेबलबद्दल थोडक्यात. ५० ते ५०० लिटरच्या ड्रमला किमान १०५ बाय १४८ मिलिमीटर लेबल आणि ३२ मिलिमीटरचं चित्र, ३ ते ५० लिटरच्या कार्बॉयला ७४ बाय १०५ आणि २३ मिलिमीटर. पोर्तुगालला पोर्तुगीज भाषा हवी. एच (धोक्याच्या) आणि पी (खबरदारीच्या) विधानांची अधिकृत भाषांतरं रेग्युलेशनमध्येच दिलेली आहेत, तिथून उचला, मशिनच्या भाषांतराला हात लावू नका. पी विधानं शक्यतो सहाच्या वर नकोत. ‘नॉन-टॉक्सिक’, ‘इको-फ्रेंडली’ असले शब्द वर्गीकृत मालाच्या लेबलवर सीएलपीला चालत नाहीत. आपल्याकडे तर हिरव्या पानाचं चित्र टाकल्याशिवाय आर्टवर्कवाल्याला चैन पडत नाही. समुद्रमार्गाने जाणाऱ्या धोकादायक मालाच्या खुणा तीन महिने समुद्राच्या पाण्यात बुडूनही वाचता आल्या पाहिजेत. साध्या इंकजेटच्या कागदी लेबलाने हे होत नाही.

समुद्राचा विषय निघाला म्हणून: वाहतुकीचं वर्गीकरण आयएमडीजी या समुद्रमार्गे जाणाऱ्या धोकादायक मालाच्या कोडप्रमाणे चालतं, सीएलपीप्रमाणे नाही. पण मूळ माहिती एकच. जलचरांसाठीचं वर्गीकरण एच ४१०, एच ४११पर्यंत गेलं की तुमचा २०० लिटरचा ड्रम बहुधा यूएन ३०८२, क्लास ९ (पर्यावरणाला धोकादायक द्रव) होतो. मग न्हावा-शेवाला डीजी (धोकादायक मालाचं) डिक्लेरेशन, वेगळं भाडं, वेगळी बुकिंग. एसडीएसच्या विभाग २ मध्ये एच ४११ आणि विभाग १४ मध्ये ‘नॉट रेग्युलेटेड’ असेल तर कंटेनर अडकलाच म्हणून समजा. सीएचएला (कस्टम हाउस एजंटला) कळवायचं ते कंटेनर भरण्याआधी.

भारतातलं बंधन वेगळं आणि तुमच्या मेलशी फारसं संबंधित नाही. १९८९चे धोकादायक रसायनांचे नियम एसडीएस आणि लेबल दोन्ही मागतात, रस्त्यावरच्या वाहतुकीला मोटार वाहन नियमांप्रमाणे टँकर-ट्रकवर माहिती-फलक आणि ड्रायव्हरकडे ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचं याचं कार्ड) लागतं. देशी एसडीएस आणि युरोपचा एसडीएस दोन वेगळ्या फाइली ठेवा. एकच ‘इंटरनॅशनल’ एसडीएस करण्याच्या नादात दोन्हीकडे चुकीचा कागद तयार होतो.

यूएफआयसाठी आयातदार पूर्ण फॉर्म्युला मागेल आणि तुम्ही बिचकाल, ते साहजिक आहे. युरोपात कायदेशीर पत्ता असलेल्या एखाद्या सेवा-संस्थेमार्फत तुम्ही स्वतः ऐच्छिक नोंदणी करून आपला यूएफआय आयातदाराला देऊ शकता. तो आपल्या नोंदणीत तेवढाच कोड लिहितो, आणि फॉर्म्युला त्याच्या हाती जात नाही. फक्त औद्योगिक वापराच्या मालाला मर्यादित नोंदणीचीही सोय आहे, पण त्यात चोवीस तास उचलला जाणारा फोन लागतो.

सल्लागाराच्या कोटेशनचं काय? त्याला विचारा की युरोपला प्रत्यक्ष जाणारी उत्पादनं किती, आणि त्यांच्या कच्च्या मालाची माहिती तो कुठून घेणार. ‘तुमच्या जुन्या एसडीएसवरून’ असं उत्तर आलं तर थांबा. जुन्या चुकीला नवा साचा चढवून तो चाळीस वेळा विकतोय. पैसे द्यायचे तर वर्गीकरणाच्या हिशेबाची शीट उत्पादनानुसार मागा, नुसती पीडीएफ नको. हिशेब तुमच्याकडे असला की पुढच्या दुरुस्तीला एक रकाना बदलून काम भागतं. मुंबईच्या केमेक्सिल या रसायन निर्यात परिषदेचं रीच हेल्पडेस्कही आहे, तिथेही चौकशी करा.

आयातदाराला याच आठवड्यात उत्तर द्या, कागद पूर्ण व्हायची वाट पाहू नका. तीन उत्पादनांची नावं, प्रत्येकाच्या कच्च्या मालाची माहिती कोणत्या तारखेपर्यंत जमेल, मसुदा एसडीएस कधी मिळेल, पोर्तुगीज लेबल कोण तपासेल, आणि त्याच्या गोदामात आत्ता तुमचे किती ड्रम शिल्लक आहेत हा प्रश्न. गेल्या बारा महिन्यांत ज्यांना माल दिला त्या सगळ्यांना सुधारलेला एसडीएस पाठवणं युरोपच्या कायद्यात बंधनकारक आहे, त्यामुळे तो तुमच्याकडून गेलेल्या मालाची यादी मागेल. ती तयार ठेवा. सॉफ्टनरच्या जीसी रिपोर्टपासून सुरुवात करा, बाइंडरची बेरीज त्याच दिवशी करून टाका. वेटिंग एजंट शेवटी घेतला तरी चालेल.